मागे मुखवटे, पुढे ती: क्लॉडेट जॉन्सनच्या चित्राची जागा कुठे?

रेघोट्या

२०२३ च्या हिवाळ्यात लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत क्लॉडेट जॉन्सन या ब्रिटनमधल्या काळ्या चित्रकर्तीचं 'प्रेझेन्स' हे प्रदर्शन पाहिलं. तेव्हापासून त्यातलं एक चित्र डोक्यात ठाण मांडून बसलंय. नवऱ्याशी वाद झाला, मैत्रिणींशी झाला. म्हटलं इथे, या चर्चेच्या धाग्यावर मांडावं. इथे चित्रं काढणारी आणि चित्रं जपणारी, दोन्ही माणसं आहेत.

चित्राचं नाव 'स्टँडिंग फिगर विथ आफ्रिकन मास्क्स'. २०१८ सालचं. कागदावर पेस्टल (खडू) आणि ग्वाश (अपारदर्शक जलरंग). मालकी टेट या ब्रिटनच्या मोठ्या कलासंग्रहालयाची. दीड मीटरहून उंच कागद, त्यावर उभी असलेली एक काळी स्त्री, आणि तिच्या पाठीमागे आफ्रिकी मुखवटे. मुखवटे सपाट रंगात, कोनाकोनांचे. ती मात्र पेस्टलमध्ये, गोलाईची, मांसल. आणि ती थेट आपल्याकडे बघते.

मुखवट्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९०७ मध्ये पिकासो पॅरिसमधल्या त्रोकादेरोच्या संग्रहालयात गेला, तिथे त्याने आफ्रिकी मुखवटे पाहिले. त्याच वर्षीच्या पाच नग्न स्त्रियांच्या चित्रात उजवीकडच्या दोघींना त्याने मुखवट्यांसारखे चेहरे दिले. ते चित्र आज न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे, आणि आधुनिक चित्रकला शिकवायला घेतली की बहुतेक मास्तर तिथूनच सुरुवात करतात. युरोपच्या चित्रात मुखवटा आला; तो घडवणाऱ्यांचा चेहरा आला नाही. जॉन्सनने मुखवटे मागे सारले आणि चेहरा पुढे आणला.

प्रदर्शनातून बाहेर पडल्यावर मी कोर्टोल्डच्या कायमच्या संग्रहात गेले. तिथे गोगँ या फ्रेंच चित्रकाराचं 'नेव्हरमोर' आहे, १८९७ चं. ताहितीची किशोरवयीन मुलगी नग्न आडवी पडलीय, डोळे बाजूला वळलेले. ते चित्र मी आधी तीन-चारदा पाहिलं होतं आणि दर वेळी रंगांवर खूश होऊन पुढे गेले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिच्यासमोर उभं राहणं अवघड झालं. जॉन्सनच्या बाईने माझ्याकडे बघितलं होतं ना, ती नजर घेऊनच मी तिथे आले होते.

थोडी पार्श्वभूमी. जॉन्सनचा जन्म १९५९ चा, मँचेस्टरचा. शिक्षण वुल्व्हरहॅम्प्टन पॉलिटेक्निकमध्ये. हे तेच शहर जिथून इनॉक पॉवेल खासदार होता, ज्याने १९६८ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. त्या शहरात काळ्या तरुण चित्रकारांचा एक गट उभा राहिला, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये पॉलिटेक्निकमध्ये काळ्या कलाकारांचं पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरलं. काळ्या स्त्रीची प्रतिमा कलेत कशी आलीय यावर जॉन्सन बोलायला उभी राहिली. सभेतल्या काही पुरुषांनी हरकत घेतली. तेव्हा बायका उठल्या, दुसऱ्या खोलीत गेल्या आणि चर्चा तिथे पुरी केली. तेवीस वर्षांची होती ती तेव्हा, फार तर.

पुढे १९८५ मध्ये लुबैना हिमिड या चित्रकर्तीने लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत अकरा स्त्रियांचं प्रदर्शन मांडलं. जॉन्सन त्यात होती. त्यांना जागा कुठली मिळाली, तर येण्याजाण्याच्या बोळातली. त्या अकराजणींपैकी हिमिडला २०१७ मध्ये आणि व्हेरोनिका रायनला २०२२ मध्ये टर्नर हे ब्रिटनमधलं मानाचं कला-पारितोषिक मिळालं, सोनिया बॉइसला २०२२ मध्येच व्हेनिसच्या कलामेळ्याचा गोल्डन लायन हा पुरस्कार. जॉन्सन २०२४ मध्ये टर्नरच्या अंतिम चौघांत आली.

माझं म्हणणं सरळ आहे. टेटसारख्या संस्थेने ही चित्रं तीस वर्षं आधी घ्यायला हवी होती. आता घेतलीच आहेत तर ती कायम भिंतीवर हवीत, पिकासोच्या पिढीच्या शेजारी. तुम्हाला काय वाटतं?

जुनाकुंचला

रेघोट्याताई, मनापासून लिहिलंत, म्हणून मीही मनापासूनच विरोध करतो.

चाळीस वर्षं मी व्यक्तिचित्रं केली. पोटासाठी केली आणि आवडीने केली. तुमचा मजकूर दोनदा वाचला. त्यात पिकासो आहे, पॉवेल आहे, १९८२ ची सभा आहे. हे सगळं बाजूला ठेवलं तर कागदावर काय उरतं, ते मात्र तुम्ही दोन ओळींत उरकलंत. 'गोलाईची, मांसल.' बस? आमचे गुरुजी म्हणायचे, चित्रापुढे उभं राहिल्यावर चित्रकाराची जात, गाव, दुःख काही विचारायचं नाही; रेघ कशी आलीय ते बघायचं. हळदणकरांची समईवाली बाई म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. जलरंग, म्हणजे चूक झाली तर पुसायची सोय नाही. हाताच्या आडोशात धरलेला उजेड बोटांतून कसा झिरपतो ते बघून माणूस जागच्या जागी खिळतो. ती बाई कोण, चित्रकार कोण, हे ठाऊक नसलेलाही खिळतो. कित्येकांनी ते रविवर्म्याचं समजूनच पाहिलंय.

जॉन्सनबाईंची चित्रं मी मुलाच्या मोठ्या पडद्यावर पाहिली. डोकं उत्तम. गालाचं हाड, नाकपुडीच्या कडेची सावली, सगळं कमावलेल्या हाताचं. पण कपडे अर्धे सोडलेले, कुठे नुसती बाह्यरेषा. माझ्या शिकवणीतल्या पोराने असा कागद आणला असता तर मी परत पाठवला असता.

दुसरं. गेल्या काही वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या म्युझियमांना काळ्या चित्रकारांची एकदम आठवण झालीय. अपराधी मनाने केलेली खरेदी चित्रकाराचा मान वाढवत नाही. उद्या वारं फिरलं की हीच चित्रं आधी खाली उतरतील. बाईंचा हात चांगला आहे म्हणून चित्र घ्या, मी टाळ्या वाजवीन.

खडूफळा

जुनाकुंचला सर, नमस्कार. मी शाळेत चित्रकला शिकवतो, सातवी ते दहावी. तुमचं 'रेघ बघा' मला पटतं. पण एक प्रसंग सांगतो.

एलिमेंटरीच्या तयारीच्या वर्गात मी मुलांना आरसे आणायला सांगितले आणि स्वतःचा चेहरा काढायला लावला. पेन्सिलीने झकास आले. मग रंग. सगळ्या वर्गात एकच हाक, 'सर, स्किन कलर कुणाकडंय?' स्किन कलर म्हणजे तो फिकट गुलाबी, पिकलेल्या पेरूच्या गरासारखा खडू. बत्तीस पोरं, त्यातला एकही चेहरा त्या रंगाचा नाही. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी चांगली सावळी. आरशात बघत होती आणि तोच खडू गालावर घासत होती. मी विचारलं, 'अगं, आरशात असा दिसतोय का रंग?' ती म्हणाली, 'नाही सर, पण चेहऱ्याचा हाच असतो.'

रेघेला रंग नसतो हे खरं. खडूच्या डबीला असतो.

त्या दिवसापासून मी तो शब्द वर्गात वापरू देत नाही. मग प्रश्न आला, रंगवायचं कसं? तपकिरीवर काळा चढवला की चिखल होतो. मी स्वतः बसून शिकलो. गडद कातडीवर उजेड पडतो तेव्हा चमक पांढरी येत नाही. खिडकीजवळ बसलं तर कपाळावर निळसर येते, बल्बखाली तांबूस. मानेच्या सावलीत जांभळा टाकला की मान मागे जाते. काळा खडू मी आता फक्त बुबुळाला आणि केसांच्या मुळाशी लावू देतो. हे मला माझ्या चार वर्षांच्या कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. मॉडेल म्हणून समोर बसणारी माणसं सावळीच असायची, आणि आम्ही त्यांना दोन छटा उजळ काढायचो. मार्क त्यालाच मिळायचे.

म्हणून जॉन्सनसारख्या बाईचा हात 'नुसता हात' म्हणून बघता येईल का, याबद्दल मला शंका आहे. तो हात जे करतो ते शिकवायची सोयच नव्हती.

थेम्सकाठ

चर्चा चांगली चाललीय, पण एक विनंती. मी इकडे लंडनला पंधरा वर्षं राहतोय. 'काळी स्त्री', 'काळे चित्रकार' हे मराठीत वाचताना कानाला बोचतं. आपल्याकडे 'काळी' हा शब्द लग्नाच्या बाजारात कसा वापरतात ते आपण जाणतो. 'कृष्णवर्णीय' म्हणूया. सभ्य शब्द आहे, वर्तमानपत्रंही तोच वापरतात.

निळीशाई

थेम्सकाठ, तुमचा हेतू चांगला आहे. मी मात्र 'काळी'च लिहीन. कारण सांगते.

'ब्लॅक' हा शब्द त्या लोकांनी स्वतः उचलला, छाती पुढे करून. त्याआधी त्यांना हाक मारायला 'कलर्ड' असा सभ्य शब्द होताच, आणि तो दुसऱ्यांनी दिलेला होता. आपल्याला हे समजायला लंडनला जावं लागत नाही. 'हरिजन' हा गोड शब्द बाजूला सारून 'दलित' हा शब्द का घेतला गेला? १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावातला अर्धा भाग अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडूनच आला होता. आपल्या माणसांना तेव्हा तो शब्द बोचला नाही, बळ देऊन गेला.

आणि अजून एक. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये 'ब्लॅक' म्हणजे फक्त आफ्रिका-कॅरिबियन वंशाचे असं नव्हतं. आपल्या उपखंडातून गेलेले लोकही त्या शब्दाखाली उभे राहत. रेघोट्याने सांगितलेल्या १९८५ च्या प्रदर्शनाच्या नावातच 'ब्लॅक' होतं, आणि त्या अकराजणींत शांतिनिकेतनात जन्मलेली सुतपा बिस्वास होती, पंजाबी घरातली चीला बर्मन होती. त्या दोघींनी 'आम्ही कुठे काळ्या' असं म्हटलं नाही. हा शब्द त्वचेच्या छटेपेक्षा मोठा होता.

आता मूळ मुद्दा. माझा विरोध दुसऱ्याच बाजूने आहे. म्युझियमने घेतलं म्हणून आनंद कशाचा? टेट हे नाव हेन्री टेटचं, साखरेच्या कारखानदाराचं. तो जन्मला १८१९ मध्ये, ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ चा. तेव्हा त्याच्या मालकीचे गुलाम नव्हते, हे मान्य. पण साखरेचा तो धंदा कॅरिबियन मळ्यांतल्या गुलामांच्या पाठीवरच वाढला होता, हे टेट संस्था स्वतःही आता सांगते. त्या इमारतीत काळ्या स्त्रीचं चित्र गेलं की इमारत धुतली जाते, चित्राचं काय होतं? जॉन्सनचं १९८२ चं एक चित्र शेफील्डच्या संग्रहात आहे. नावच किती ताठ आहे: 'अँड आय हॅव माय ओन बिझनेस इन धिस स्किन', या कातडीत माझा स्वतःचा कारभार आहे म्हणणारं. शेफील्डसारख्या कामगारांच्या शहरात, जिथे शाळेची पोरं फुकट आत शिरतात, तिथे ते चित्र असणं मला जास्त मोलाचं वाटतं. राजधानीच्या दाराशी उभं राहून 'आम्हाला आत घ्या' हे किती दिवस म्हणायचं?

कागदकाम

मी एका अभिलेखागारात कागद-संवर्धनाचं काम करते. वादात पडणार नव्हते, पण 'कायम भिंतीवर हवीत' हे वाचलं आणि राहवलं नाही.

रेघोट्या, कायम भिंतीवर ठेवलं तर ते चित्र मरेल.

पेस्टल म्हणजे जवळजवळ कोरी भुकटी. तेलरंगात रंगाला तेल धरून ठेवतं, इथे धरायला काहीच नाही. कागदाच्या खरखरीत दातांत कण अडकून बसलेले असतात एवढंच. जास्त फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी धरून ठेवणारा फवारा, मारलं तर रंग काळवंडतो आणि ती मखमल जाते. कमी मारलं तर ट्रकच्या एका धक्क्याने भुकटी चौकटीच्या तळाला जमते. काच चित्राला टेकता कामा नये. साधं प्लास्टिक लावलं तर स्थिर विजेने कण ओढून घेतं. आणि प्रकाश. तेलचित्राला दीडशे-दोनशे लक्स (उजेड मोजायचं माप) चालतात. कागदावरच्या कामाला साधारण पन्नास, तेही काही महिने. मग ते उतरवून अंधारात, बराच काळ विश्रांतीला. प्रकाशाने झालेलं नुकसान भरून निघत नाही, साठत जातं.

कोर्टोल्डमध्ये तुम्हाला खोली मंद वाटली असेल. ते यासाठी.

त्यामुळे कागदावरचं चित्र 'संग्रहात असणं' म्हणजे बहुतेक काळ न दिसणं. हे कुणी कुणाला लपवतंय असं नाही. ज्याच्या नावाने ते पारितोषिक आहे त्या जुन्या चित्रकार टर्नरची जलरंगचित्रंही अशीच अंधारात राहतात.

निळीशाई

कागदकाम, हे मला ठाऊक नव्हतं, आणि वाचून वाईट वाटलं. कारण याचा अर्थ असा की गोगँचं आणि पिकासोचं तैलचित्र वर्षभर भिंतीवर, आणि त्यांना उत्तर देणारं चित्र खोक्यात. नियम सगळ्यांना सारखा आहे, पण परिणाम सारखा होत नाही. तिने तैलरंग का घेतले नाहीत मग?

रेघोट्या

कागदकाम, चूक मान्य. 'कायम' हा शब्द मागे घेते. खोली मंद होती हे खरं. मला वाटलं होतं वातावरणनिर्मिती असेल.

निळीशाईच्या प्रश्नाचं मला सुचतं ते उत्तर. पेस्टलमध्ये चित्रकाराच्या बोटांच्या आणि कागदाच्या मध्ये काही नसतं, ब्रश नाही, तेल नाही. मी घरी प्रयोग केला. माझ्या शेजारीण आजी जमैकाच्या आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांची परवानगी घेऊन बसले. तपकिरी कागद, गडद तांबडा खडू आडवा धरून गालाचा मोठा भाग भरला, अंगठ्याने दाबला. दाबताना कळतं की हाड कुठे आहे. आपण त्या माणसाचा गालच चाचपतोय असं वाटतं. मी खडू उचलून थांबले. इतक्या जवळ जायचा मला अधिकार आहे का, असं क्षणभर वाटलं. आजी म्हणाल्या, थांबलीस का, कर की. चित्र काही खास झालं नाही, पण जॉन्सन एवढ्या मोठ्या आकारात हे का करते ते हाताला समजलं. एवढ्या उंच कागदावर काम करताना चित्रकाराला आपल्या सगळ्या अंगाने त्या व्यक्तीसमोर उभं राहावं लागतं.

जुनाकुंचला सर, मी कागदावरचं कमी बोलले ही तुमची तक्रार रास्त आहे. आता बोलते. तिच्या चित्रांत देह कागदाच्या कडांना भिडतो. कोपर कापलं जातं, कधी डोक्याचा वरचा भाग कडेला टेकतो. आपण शिकलो ते असं की आकृतीभोवती हवा सोडायची, माणूस चौकटीत 'बसवायचा'. ती बसवत नाही. कागद कमी पडतोय असं वाटतं. आणि तुम्ही ज्याला अर्धवट म्हणता त्या कोऱ्या जागा मला तशा वाटत नाहीत. चेहऱ्याला आठवडा दिलाय आणि सदऱ्याला एक रेघ. काय बघायचं ते ती ठरवते. सदरा पुरा केला असता तर डोळा तिथे गेला असता.

दक्खनी

मूळ धाग्यातल्या एका वाक्याला माझी हरकत आहे: 'मुखवटा आला; तो घडवणाऱ्यांचा चेहरा आला नाही.' ते वाक्य युरोपबद्दल आहे हे मान्य, पण पुढे सगळ्यांनी असं गृहीत धरलंय की म्युझियमात काळ्या माणसाचं मानाचं व्यक्तिचित्र ही आत्ताची गोष्ट आहे. चारशे वर्षांपूर्वी दख्खनेत काय चाललं होतं?

मलिक अंबर. इथिओपियातून गुलाम म्हणून विकत आणलेला मुलगा, पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा. १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झालं. १६२६ मध्ये वारला तोवर मोगलांना दमवत राहिला. त्याचं हाशिमने काढलेलं चित्र लंडनलाच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. एका बाजूने दिसणारा, वय झालेला, भारदस्त. चेहऱ्याचा रंग उजळ केलेला नाही, नाक-ओठ बदललेले नाहीत. त्या चित्रकाराला ती छटा काढता येत होती, खडूफळा गुरुजी! ती हातोटी आपल्याकडे होती आणि मग गेली. कुठे गेली, कुणी घालवली, हे शोधायला हवं.

आणि त्याच काळात अबुल हसनने जहांगीरसाठी काढलेलं चित्र डब्लिनच्या चेस्टर बिटी संग्रहात आहे. त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा भाल्यावर लावलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधी मिळालं नाही. जे रणांगणात जमलं नाही ते कागदावर करून घेतलं.

म्हणजे मान देणारं चित्र आणि अपमान करणारं चित्र, दोन्ही दख्खन-मोगल परंपरेत शेजारीशेजारी आहेत. युरोपने काय केलं एवढ्यावरच सगळा वाद उभा करू नका.

रेघोट्या

दक्खनी, मुद्दा घेतला. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधलं ते चित्र मी पाहिलेलं नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

पण फरक बघा. मलिक अंबर चितारला गेला कारण तो सत्ताधीश होता. त्याच्याच फौजेतल्या साध्या हबशी शिपायाचं चित्र कुणी अशा निगुतीने काढलं का? जॉन्सनच्या चित्रातली बाई कुणी राणी नाही. तिला नावही दिलेलं नाही, 'फिगर' एवढंच. तिने हत्यार धरलेलं नाही, काही जिंकलेलं नाही. ती उभी आहे आणि त्यासाठी तिला एवढा कागद मिळाला.

जुनाकुंचला

हेच मला खटकतं. नाव नाही मग ते व्यक्तिचित्र कसलं? माझ्यापुढे बसलेल्या प्रत्येक माणसाचं नाव मी कागदाच्या मागे लिहिलंय, पानवाल्याचंसुद्धा. ज्या लोकांना इतकी शतकं नावाशिवाय रंगवलं, चित्रात मागे पंखा धरून उभं केलं, त्यांच्याच चित्रकर्तीने पुन्हा 'आकृती' म्हणावं? तुमच्याच बाजूने बघितलं तरी हे उलटं जातं.

कागदकाम

सर, संग्रहांच्या बाजूने एक फरक सांगते. लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी चित्र घेते ते चित्रातल्या माणसासाठी. तो माणूस देशाच्या दृष्टीने महत्त्वाचा हवा. तिथे झेडी स्मिथ या कादंबरीकार बाईंचं चित्र आहे, टोयिन ओजी ओडुटोला हिने काढलेलं. ही चित्रकर्ती १९८५ मध्ये नायजेरियात जन्मली, अमेरिकेत वाढली. ते नावानिशी व्यक्तिचित्र. टेट मात्र चित्र घेते ते चित्रकारासाठी आणि चित्रासाठी. जॉन्सन मैत्रिणींना, मुलांना, कधी स्वतःलाच समोर ठेवते. नाव तिला माहीत असतं, ती आपल्याला देत नाही. नाव राखून ठेवणं आणि नाव पुसणं या दोन गोष्टी मी एक मानणार नाही. माझ्या कामात रोज अशा याद्या येतात ज्यात माणसांची नावं, वय, खुणा, किंमत सगळं नीट लिहिलेलं असतं. नाव लिहिलं म्हणजे मान दिला असं नसतं.

खडूफळा

कागदकाम ताईंनी ओडुटोलाचं नाव काढलं म्हणून सांगतो. तिची आधीची चित्रं साध्या बॉलपेनने काढलेली आहेत. निब कागदावर एकाच दिशेने दाबून रेघांचे पट्टे, त्यावर दुसऱ्या दिशेचे, अशी कातडी विणलेली. शाई साठते तिथे चकाकते. काळ्यातच उजेड येतो. मी वर्गात करून बघितलं. बॉलपेन प्रत्येकाकडे असतोच, डबीतल्या खडूचा प्रश्नच येत नाही. दोन तास गेले, बोटं दुखली, पण 'स्किन कलर दे' अशी हाक आली नाही. ती तिसऱ्या बाकावरची मुलगी नाकाच्या शेंड्यावर कोरा ठिपका सोडून बाकी सगळं विणत गेली. चेहरा तिच्यासारखा आला का? नाही, कपाळ फार मोठं झालं. रंग मात्र तिचा आला.

थेम्सकाठ

निळीशाई, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला. मुलगी म्हणाली, बाबा, आम्ही शाळेत 'ब्लॅक'च म्हणतो, त्यात वाईट काय? तरीही मराठीत 'काळी' म्हणायला माझी जीभ अडखळते. 'ब्लॅक'चं ओझं त्या लोकांनी स्वतः उतरवलं. मराठी 'काळी'चं ओझं अजून कुणी उतरवलेलं नाही, निदान माझ्या घराण्यात तरी नाही. तोवर मी 'कृष्णवर्णीय'च म्हणेन.

जुनाकुंचला

खडूफळा, बॉलपेनची युक्ती छान. क्रॉस हॅचिंग आम्हीही निबेने करायचो, पण दाबून चकाकी आणायची हे सुचलं नव्हतं. त्या मुलीला सांगा, कपाळ मोजायचं असेल तर पेन्सिल डोळ्यासमोर उभी धर. भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत जेवढं, साधारण तेवढंच भुवईपासून केसांपर्यंत.

रेघोट्याताई, कडांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून चित्रं पुन्हा पाहिली. देह कडेला भिडवण्यात जोर आहे, मान्य. सदऱ्याचं मान्य नाही. रेंब्रांट सदऱ्याला चार फटकारे द्यायचा, पण त्या चार फटकाऱ्यांत खांदा असायचा. इथल्या काही रेघांत मला खांदा सापडत नाही. आणि ते मुखवटे. मागे ढकलायचे होते तर रंग थोडा मंद हवा होता. माझा डोळा दर वेळी आधी त्यांच्याकडेच जातो.

रेघोट्या

सर, पडद्यावर तसं होतं. प्रत्यक्षात ग्वाश कोरडा, खडूसारखा मंद दिसतो आणि पेस्टलमध्ये खोली येते. पडदा दोन्ही सारखेच चमकवतो. निदान मला तरी तिथे आधी ती दिसली आणि मुखवटे नंतर.

खांद्याबद्दल मात्र तुमच्याशी आत्ता वाद घालणार नाही. पुढच्या वेळी ते चित्र बाहेर काढतील तेव्हा खांदाच बघीन आणि याच धाग्यावर कळवीन.